माझगाव की चितोड

किरण नगरकरांची सर्वांत मोठी कादंबरी कोणती, यावर आमच्या घरात अनेक वर्षं वाद चालू आहे. मी 'ककोल्ड'च्या बाजूची. बाबा 'रावण आणि एडी'च्या बाजूचे. माझा मावसभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, ठाण्याहून येतो आणि दोघांनाही मोडीत काढतो. त्याच्या मते नगरकरांनी एकच कादंबरी लिहिली, 'सात सक्कं त्रेचाळीस', आणि तीही 1974 साली. नंतरचं जे काही आहे ते इंग्रजी वाचकांनी बघून घ्यावं. नगरकर 5 सप्टेंबर 2019 ला गेले, पण वाद काही थांबला नाही. उलट आता नवं पुस्तक येणार नाही हे पक्कं झाल्यावर आहे त्या पुस्तकांबद्दल आम्ही जास्त हट्टी झालो आहोत.

सर्वांत कमकुवत कोणतं, यावर मात्र आमच्यात वाद कमी आणि शांतता जास्त असते. आवडत्या लेखकाच्या फसलेल्या पुस्तकाबद्दल बोलताना माणूस आपोआप आवाज खाली आणतो. मला या लेखात तेही मोठ्याने बोलायचं आहे, कारण नगरकर कुठे फसले हे नीट पाहिल्याशिवाय ते कुठे आणि कशामुळे जिंकले हे कळत नाही, असं मला वाटतं.

आधी बाबांविषयी, कारण त्यांच्या वाचनाची तऱ्हा सांगितल्याशिवाय त्यांचं मत समजणार नाही. बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. मुंबईत राहणाऱ्यांनाही हे काम नेमकं काय ते पुष्कळदा माहीत नसतं. तानसा, वैतरणा, भातसा इथून पाणी येतं, भांडुपला शुद्ध होतं, तिथून शहरातल्या टेकड्यांवरच्या जलाशयांत जातं. मलबार हिलचा जलाशय हँगिंग गार्डनच्या खाली आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरचा, ज्याच्या डोक्यावर जोसेफ बाप्टिस्टा बाग आहे, तो कमी जणांना. पण टेकडीवरचं पाणी नळात आपोआप येत नाही. शहराचे भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक भागाची वेळ ठरलेली आहे. त्या वेळेला कुणीतरी रस्त्यावरचं लोखंडी झाकण उचलतं, माणसाच्या छातीएवढी उंच चावी आत घालतं आणि आटे मोजत वॉल्व्ह उघडतं. तास-दीड तासाने तोच माणूस परत येऊन तो बंद करतो. डोंगरी, उमरखाडी, माझगाव या भागांत बाबांनी नोकरीचा बहुतेक काळ हेच केलं. कुठल्या गल्लीला किती आटे द्यायचे, कुठल्या चाळीच्या वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, कुठे नळाला बेकायदा मोटर लावलेली आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आजही आहे. आता आम्ही मुलुंडला राहतो. तानशाच्या जलवाहिन्यांच्या कडेने ते सकाळी फिरायला जातात आणि गळती दिसली तर खात्यातल्या मुलांना फोन करतात.

अशा माणसाच्या हातात मी रेखा सबनीसांनी केलेला 'रावण आणि एडी'चा मराठी अनुवाद ठेवला होता. मूळ इंग्रजी पुस्तक नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आलं. बाबांनी कादंबऱ्या फार वाचल्या नव्हत्या. वर्तमानपत्र, दिवाळी अंक आणि संतवाङ्मय एवढ्यावर त्यांचं भागत असे. मुखपृष्ठ उघडून त्यांनी पहिलं पान वाचलं, 'हे माझगाव आहे' म्हणाले, आणि मग दोन-तीन दिवस ते पुस्तक त्यांच्या हातातून सुटलं नाही.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. माझगावच्या सीडब्ल्यूडी चाळी. खालच्या मजल्यांवर हिंदू, सर्वांत वर कॅथलिक. पार्वतीबाईंचा तान्हा राम गॅलरीतून खाली पडतो. त्याला झेलण्याच्या नादात व्हिक्टर कुटिन्हो जिवानिशी जातो, आणि मूल जगतं. व्हिक्टरची बायको व्हायोलेट तेव्हा गरोदर असते; तिच्या पोटात एडी असतो. मुलावर पुन्हा संकट येऊ नये, दृष्ट लागू नये म्हणून पार्वतीबाई रामाचा रावण करतात. त्यानंतर ही दोन मुलं एकाच चाळीत, एकाच जिन्यावर वाढतात. एकमेकांचं आयुष्य त्यांनी जन्माच्या आसपासच उलटंपालटं करून टाकलेलं असतं, आणि तरी एकमेकांशी त्यांचा संबंध जवळजवळ येतच नाही. दोन समांतर रेषा कादंबरीभर चालवायच्या, त्यांना भेटू द्यायचं नाही आणि तरी वाचकाला सारखं वाटत राहावं की पुढच्या पानावर भेटतील, हे फार अवघड काम आहे. नगरकरांनी ते हसतखेळत केलं आहे.

पण बाबांना रचनेचं काही नव्हतं. ते थांबले पाण्याशी. या कादंबरीत नगरकर मधेच गोष्ट थांबवतात आणि चाळीतल्या पाण्यावर एक लांबलचक निरूपण करतात: पहाटेच्या काळोखात लागलेले नंबर, भांडी, शिव्या, हाणामारी, आणि पाण्याने माणसाच्या स्वभावाचं काय करून टाकलं आहे ते. साक्षेपी वाचक म्हणतील की कथेचा ओघ तुटतो. दादा नेहमी तेच म्हणतो. बाबांनी ते प्रकरण परत वाचलं, मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं असं, की आयुष्यभर झाकणाच्या या बाजूला उभं राहून चावी फिरवली. पलीकडे नळावर काय होत असेल याचा अंदाज होता, पण ते असं कुणी लिहून ठेवलेलं पाहिलं नव्हतं. "मी दहा मिनिटं उशिरा पोचलो तर काय होत असेल, ते ह्याने लिहिलंय," असं ते म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस, मी ऑफिसातून आल्यावर ते मला कुठल्या कुठल्या चाळीतल्या जुन्या भांडणांबद्दल सांगत राहिले. कधीच न सांगितलेल्या गोष्टी होत्या त्या. कुणी त्यांच्यावर हंडा उगारला होता. एका म्हातारीने रोज सकाळी चहा आणून दिला होता आणि तिचा मजला कोरडा राहतो हे ठाऊक असून त्यांना काही करता आलं नव्हतं, कारण दाबच तेवढा होता.

म्हणून बाबांच्या लेखी 'रावण आणि एडी' पहिली. त्यांच्या या कारणाला मी भावुक म्हणून बाजूला सारू शकत नाही. कादंबरीने एका माणसाला त्याच्याच कामाची दुसरी बाजू दाखवली, याहून वजनदार पुरावा मी तरी कुठून आणणार?

मला स्वतःला त्या पुस्तकात सगळ्यांत जास्त ओढून घेतात त्या दोन बायका. पार्वतीबाई खानावळ चालवतात, कारण नवरा, शंकरराव, खाटेवरून उठत नाही. व्हायोलेट शिवणकामावर घर चालवते. नवऱ्याचा मृत्यू, शेजारणीबद्दलचा अढळ राग, मुलाबद्दलची काळजी, हे सगळं तिच्या मनात चाललेलं असतं, पण लोकांचे कपडे वेळेवर द्यायचे असतात. नगरकरांची ही पात्रं दुःख करत बसत नाहीत; बसायला त्यांना वेळ मिळत नाही. डबे भरायचे आहेत, बाही जोडायची आहे. दुःख त्या कामाच्या आतून वर येतं, आणि म्हणून खरं वाटतं. हे ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा मुद्दा इथूनच निघतो.

आता दादाचा पक्ष. 'सात सक्कं त्रेचाळीस' मौज प्रकाशनाने काढली तेव्हा मराठीत असं काही नव्हतं, हे त्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. कुशंकची ती गोष्ट सरळ काळात चालत नाही. तुकडे पडतात, बायका येतात-जातात, कधी 'तू' म्हणून कुणाला तरी उद्देशून बोलणं सुरू होतं, आणि वाक्यं अशी तुटक आणि धारदार की आजही त्यांना गंज चढलेला नाही. शिक्षण बहुतेक इंग्रजीतून झालेल्या माणसाने पहिलीच कादंबरी मराठीत लिहावी आणि ती अशी लिहावी, हा चमत्कारच. दादाचा खरा सल पुढचा आहे. हा लेखक नंतर इंग्रजीत गेला. 'बेडटाइम स्टोरी' हे महाभारतावरचं नाटक त्यांनी मराठीत लिहिलं, त्याला सेन्सॉरपासून धमक्यांपर्यंत सगळं सोसावं लागलं, ते वर्षानुवर्षं रंगमंचावर येऊ शकलं नाही, आणि त्यानंतर मराठीतून मोठं असं काही आलं नाही. दादा हे सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात अजून दुखावलेपण असतं. घर सोडून गेलेल्या मोठ्या भावाबद्दल बोलावं तसं तो बोलतो.

मला ते दुखणं कळतं, पण त्यावरून पुस्तकाची प्रतवारी लावणं पटत नाही. 'सात सक्कं' हे तरुण माणसाचं पुस्तक आहे. त्यातली तीव्रता खरी आहे. पण कुशंककडे त्याच्या वेदनेखेरीज दुसरं काही नाही. तो फिरतो, आठवतो, प्रेम करतो, दुरावतो. वाचताना मी त्याच्या प्रत्येक वाक्याशी असते आणि पुस्तक मिटल्यावर त्याचा दिवस कसा जात असेल हे मला सांगता येत नाही. पार्वतीबाईंचा दिवस मला मिनिटामिनिटाने माहीत आहे.

आणि चितोडच्या महाराजकुमाराचाही.

'ककोल्ड' 1997 साली आली. 2000 साली तिला इंग्रजीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सबनीसांनी तिचाही मराठी अनुवाद केला, 'प्रतिस्पर्धी' या नावाने. मीरेची कथा आपल्याला पाठ आहे: कृष्णवेडी राणी, विषाचा प्याला, भजनं. नगरकरांनी विचारलं की तिच्या नवऱ्याचं काय झालं असेल? राणा सांगांचा थोरला मुलगा, मेवाडच्या गादीचा वारस, इतिहासात ज्याच्याबद्दल जेमतेम काही ओळी आहेत. त्याची बायको लग्नाच्या रात्री त्याला सांगते की आपण आधीच दुसऱ्या कुणाच्या झालो आहोत. प्रतिस्पर्धी माणूस असता तर त्याच्याशी लढता आलं असतं. हा तर देव. कादंबरीभर महाराजकुमार तिला तिच्या हिरव्या डोळ्यांवरून ओळखतो आणि तिच्या देवाला बासरीवाला म्हणतो. बायको राजवाड्यात नाचते-गाते म्हणून आधी लोक नावं ठेवतात, मग तेच लोक तिला संत मानू लागतात, आणि दोन्ही वेळा हसं होतं ते नवऱ्याचं.

यावर एखाद्या लेखकाने आठशे पानांचा आक्रोश लिहिला असता. नगरकर सुरुवात कशाने करतात? लघुवाद न्यायालयाने. पहिल्याच पानावर कळतं की हे कोर्ट गुरुवारी बसतं आणि महाराजकुमार तिथे न्यायाला बसतो. धोब्याची तक्रार, त्याच्या पळालेल्या बायकोचं प्रकरण, असल्या भानगडी. मुंबईचं लघुवाद न्यायालय धोबीतलावला आहे. भाडेकरू आणि घरमालकांची भांडणं पिढ्यानपिढ्या तिथे चालतात. ते वाचताना सोळाव्या शतकातला चितोडचा किल्ला एकदम मेट्रो सिनेमाच्या शेजारी येऊन उभा राहतो. आपण हे मुद्दाम केलं आहे असं नगरकरांनी पुस्तकाच्या टिपणात सांगितलंही आहे: भाषा रोजच्या वापरातली ठेवली तर त्या माणसांचे पेच आपल्याला आपलेच वाटतील, ही त्यांची धारणा होती. 'अहो आर्यपुत्र' छापाची ऐतिहासिक कादंबरी वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हा केवढा मोकळा श्वास आहे, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग सांडपाणी. मेवाडचा हा वारस राजधानीच्या पाण्याचा आणि मैल्याचा विचार करतो. पराक्रमाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या राजपुतांच्या दरबारात तो नगररचनेबद्दल बोलतो, खजिन्याच्या हिशेबाबद्दल बोलतो, सावकाराशी बसून चर्चा करतो. युद्धातही तेच. गुजरातच्या सैन्याविरुद्ध तो समोरासमोर छाती काढून लढत नाही, डावपेचाने लढतो, आणि जिंकून घरी येतो तेव्हा लोकांना त्या विजयाची लाज वाटते. माघार कशी घ्यावी हेही शास्त्र आहे, असं तो मानतो, आणि ज्या कुळात माघार हा शब्द उच्चारत नाहीत तिथे तो त्यावर विचार लिहून काढतो. वाचताना आपल्याला ठाऊक असतं की पुढे 1527 मध्ये खानव्याची लढाई आहे, बाबराच्या तोफा आहेत. त्याचं कुणी ऐकलं असतं तर, हा विचार पानोपानी छळतो.

या माणसाचं दुःख मला कधीच खोटं वाटलं नाही, कारण ते त्याला सकाळी उठून कामाला जाण्यापासून सोडवत नाही. रात्री बायकोच्या महालातून गाणं ऐकू येतं. सकाळी खटले ऐकायचे असतात. तो तिचं मन वळवायला काय काय करतो! एकदा तर अंगाला निळा रंग लावून स्वतःच बासरीवाला होऊन तिच्यापुढे जातो. हा प्रसंग कुठल्याही दुसऱ्या हातात हास्यास्पद झाला असता. इथे तो अंगावर काटा आणतो, कारण तोवर आपण या माणसाला न्याय देताना, नकाशे बघताना, चुलत्यांशी तंटे मिटवताना पाहिलेलं असतं. इतका शहाणा माणूस इथवर येतो, हे बघवत नाही.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी 'प्रतिस्पर्धी' वाचायला घेतली. त्यांना वेळ लागला. राजपुतांच्या नावांची त्यांनी वहीत यादी केली. सांडपाण्याच्या पानांशी आल्यावर मला हाक मारून म्हणाले, "हा आपल्या खात्यातला माणूस आहे गं." मला वाटलं, आता बाबा माझ्या बाजूला आले.

आले नाहीत. शेवटपर्यंत वाचून त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पुरतं खोडून काढता आलेलं नाही. त्यांचं म्हणणं, महाराजकुमाराला गटारं बांधायची आहेत हे चांगलंच आहे, पण तो नकाशाच्या बाजूचा माणूस आहे. पाणी डोक्यावरून वाहून नेणारी बाई त्या पुस्तकात कुठे आहे? धोबीण येते ती त्याच्या शेजघरात येते. तिचा धोबीघाट कितीसा दिसतो? "साहेबाची गोष्ट आहे," बाबा म्हणाले, "चांगल्या साहेबाची. पण माझगावच्या गोष्टीत साहेबच नाहीत."

यातला धोबिणीचा मुद्दा मला लागला. कारण तो खरा आहे, आणि नगरकरांच्या सगळ्याच पुस्तकांना थोडाफार लागू आहे. त्यांच्या बायका कामात असतात तेव्हा त्या जिवंत असतात. पुरुषाच्या नजरेसमोर येऊन उभ्या राहतात तेव्हा त्यांचं शरीर फार जागा खातं. 'ककोल्ड'मध्ये हे पुन्हा पुन्हा होतं. कौसल्या, त्याची दाई, हिच्याबद्दल केवढं तरी लिहिता आलं असतं. ती राजवाड्यात जन्म काढते आणि आपल्याला कळते ती बहुतेक त्याच्याच गरजेपुरती. हा त्या पुस्तकातला दोष आहे आणि मी तो मान्य करून पुस्तक पहिल्या जागी ठेवते.

का ठेवते? कारण 'रावण आणि एडी' थांबते तिथे 'ककोल्ड' सुरू होते. रावण आणि एडी मुलं आहेत. त्यांना निवड करावी लागत नाही, त्यांच्यावर गोष्टी कोसळतात. महाराजकुमाराला रोज निवड करावी लागते: न्याय की घराणं, राज्य की बायको, जिंकणं की लोकांना आवडणं. आणि नगरकर कुठल्याही निवडीचं उत्तर आधी ठरवून ठेवत नाहीत. तो बहुतेक वेळा बरोबर असतो आणि तरी हरतो. बासरीवाल्याचा द्वेष करता करता त्याच्याशी बांधला जातो. मीरेलाही लेखक कुठे खोटं पाडत नाही. तिची भक्ती ढोंग नाही, वेड नाही, आणि नवऱ्याचा जीव घेणारीही आहे. भक्तीने घरातल्या दुसऱ्या माणसाचं काय होतं, हा प्रश्न आपल्या संतचरित्रांनी फार क्वचित विचारला. तुकोबांच्या आवलीची आठवण मला 'ककोल्ड' वाचताना दर वेळी येते. ती बिचारी भांडखोर म्हणूनच लक्षात राहिली. भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर तीच चढत होती.

आता कमकुवत. दादा म्हणतो, 'दि एक्स्ट्राज' आणि 'रेस्ट इन पीस'. रावण आणि एडी मोठे होतात आणि हिंदी सिनेमाच्या दारात उभे राहतात, ती ही दोन पुस्तकं. 2012 आणि 2015 ची. ती सैल आहेत, हे खरं. पहिल्या पुस्तकातली विषयांतरं पाण्यासारखी गरजेपोटी आली होती, इथे ती सवयीने येतात. पण सैल पुस्तकाला मी कमकुवत म्हणत नाही. त्यांत मुंबई आहे, रोजंदारी आहे, गर्दीत उभं राहून पोट भरणाऱ्यांची चिकाटी आहे. दुसरी रावण-एडी पुस्तकं कुणी लिहिली नसती. ही नगरकरांनी लिहिली, बरं झालं.

माझ्या मते त्यांचं सर्वांत कमकुवत पुस्तक 'गॉड्स लिटल सोल्जर'. 2006 साली आलं. त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या पुस्तक जत्रेत भारत पाहुणा देश होता आणि जर्मनीत या कादंबरीचं फार कौतुक झालं. मुंबईत त्याच वर्षी 11 जुलैला लोकलमध्ये स्फोट झाले होते. माहीम, माटुंगा, बोरिवली ही नावं महिनोन्महिने कानात होती, आणि अशा वेळी आपल्याच शहरातल्या एका धर्मवेड्या तरुणावर आपल्या आवडत्या लेखकाने मोठी कादंबरी लिहिली आहे, म्हणून मी ती उघडली. मला उत्तर नको होतं. एक माणूस आतून दिसावा एवढंच हवं होतं.

झिया खान मुंबईतल्या सुखवस्तू, सुसंस्कृत मुसलमान घरातला, गणितात असामान्य. केंब्रिजला जातो, लेखक सलमान रश्दींना मारायला निघतो. पुढे तोच कॅलिफोर्नियात ख्रिस्ती मठात ल्यूसेन्स होतो, गर्भपाताविरुद्ध उभा राहतो, त्यासाठी पैसा हवा म्हणून शस्त्रांच्या व्यापारापर्यंत जातो. आणि नंतर तेजस. धर्म बदलतात, नावं बदलतात, टोकाचेपणा तोच राहतो. कल्पना जबरदस्त आहे. कुठल्याही एका धर्मावर बोट न ठेवता कट्टरपणा हाच विषय करायचा, ही हिंमत नगरकरांचीच. पण कल्पना कळली की झिया संपतो. त्याला काहीही जमतं. तो कुठेही जाऊ शकतो, कितीही पैसा उभा करू शकतो, कुठल्याही पंथात वर चढू शकतो. जगाचा प्रतिकार असा त्याला होतच नाही. चितोडला एक गटार बांधायला महाराजकुमाराचा घाम निघतो, आणि झिया आख्खे खंड ओलांडतो तरी त्याच्या पायाला धूळ लागत नाही.

हे पुस्तक मी बाबांना संध्याकाळी गॅलरीत बसून मराठीत सांगत, पानं उलगडत ऐकवलं होतं. रश्दींच्या प्रकरणापर्यंत त्यांनी नीट ऐकलं. मठाचा भाग सुरू झाल्यावर म्हणाले, "ह्या मुलाला कुणी कधी काम सांगितलंच नाही का?" मी म्हटलं, बाबा, मठात खूप कामं असतात. "असतील," ते म्हणाले, "पण तू मला ती ऐकवली नाहीस." मी पानं मागे चाळली. ती खरोखरच माझ्या लक्षात राहिली नव्हती.

मला त्या पुस्तकात आवडतो तो झियाचा भाऊ अमानत. तो लेखक आहे, शंका घेणारा आहे, आणि कबिरावर लिहितो आहे. कबीर आला की नगरकरांची लेखणी लगेच जमिनीवर येते, कारण कबीर विणकर आहे. त्याच्यापुढे माग आहे, सूत आहे, ताणा-बाणा आहे. शेवटचं पुस्तक, 'दि आर्सनिस्ट', नगरकरांनी पुन्हा कबिरावरच लिहिलं. झियाकडे ते परत गेले नाहीत.

दादाला माझं हे मत पटत नाही. तो म्हणतो, तू आजच्या काळाला भिडणारं पुस्तक खाली टाकतेस आणि राजवाड्यातलं वर ठेवतेस. पण काळाला भिडणं म्हणजे बातमीतला विषय घेणं नव्हे. 'ककोल्ड'मधला दरबार डावपेचाने मिळालेल्या विजयाची लाज बाळगतो आणि समोरासमोरच्या पराभवाचा अभिमान. हे चित्र मला आजूबाजूला रोज दिसतं. झियासारखा माणूस मला कुठे दिसलेला नाही, आणि पुस्तकातही दिसला नाही.

'जसोदा'बद्दल मात्र आमचं तिघांचंही अजून ठरत नाही. 2017 ची ही कादंबरी. दुष्काळाने सुकलेलं पार नावाचं गाव, बिनकामाचा नवरा, आणि जसोदा. ती पाण्यासाठी चालते, ओझं वाहते, कुणाच्या मदतीशिवाय बाळंत होते, आणि मुलगी झाली तर तिला संपवते. नगरकर हे कुठेही आवाज न चढवता लिहितात. 'रावण आणि एडी'तला विनोद इथे नाही, 'ककोल्ड'मधला बुद्धीचा खेळ नाही. वाक्यं भाजून निघालेली आहेत. मग ती मुलांना घेऊन मुंबईला येते, फुटपाथवर राहते, आणि पुढे परत जाते. मुंबईचा भाग मला घाईचा वाटतो आणि परतीचा भाग त्याहून. पण पारचा पहिला भाग नगरकरांच्या सगळ्या लिखाणात सर्वांत उंच आहे असं मला अधूनमधून वाटू लागलं आहे, आणि तसं असेल तर माझी 'ककोल्ड'ची बाजू लंगडी पडते. जिथे नकाशाच्या बाजूचा माणूस नाही, फक्त पाणी वाहणारी बाई आहे, ते पुस्तक बाबा मागत होते ते हेच. दादाचं म्हणणं, एक तृतीयांश कादंबरीला पहिला नंबर देता येत नाही. मी म्हणते, का नाही?

बाबांना अजून 'जसोदा' पूर्ण ऐकवलेली नाही. ती पहिली मुलगी मारते त्या पानाशी मी थांबले होते. मला पुढे वाचवेना. बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की विहीर गावापासून किती लांब होती. या रविवारी दादा येतो आहे. पुढचा भाग तो वाचणार आहे.